काहीच अडचण नाही?

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधला तरुण आपली शिडी कुणालाही देत नाही. "लोक वस्तू नीट वापरत नाहीत," म्हणतो. ऑफिसातून आल्यावर खपून लिहिलेलं सॉफ्टवेअर मात्र त्याने अख्ख्या जगाला फुकट देऊन टाकलंय. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर ते नव्या फॉन्टमध्ये बदलून देतं. "मला त्यातून काही नको हो काका," हे तो कुणी न विचारताच सांगतो.

परवा लिफ्टमध्ये मी मनापासून म्हणालो, "तुझं सॉफ्टवेअर रोज वापरतो. झकास चालतं."

"काहीच अडचण नाही?"

"छे!"

त्याचा चेहरा असा पडला, की मला वाटलं घरी कुणी आजारी आहे. शेवटी दया येऊन मी थाप मारली, "तसं कधीकधी 'ळ' गाळतं."

"मला वाटलंच होतं!" गडी एकदम खुलला. सगळा रविवार दार लावून बसला आणि संध्याकाळी स्वतः येऊन माझ्या कॉम्प्युटरवर दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर टाकून गेला.

तेव्हापासून ते खरोखरच एकही 'ळ' शिल्लक ठेवत नाही. भीतभीत मी त्याला तसं सांगितलं.

इतका खूश झाला, की न मागता शिडी आणून दिली.