दोन माणसांची मजुरी

दुष्काळाच्या सालात आम्ही मोटारींच्या रेडिएटरचं पाणी वापरलेलं आहे. गाडी दुरुस्तीला आली की अप्पा, माझे वडील, आधी रेडिएटरची तोटी सोडायचे आणि खाली घमेलं लावायचे. तांबूस, गंजाच्या वासाचं पाणी. ते निवळत ठेवायचं, वरवरचं काढून भांडी विसळायची, खालचा गाळ फेकायचा. प्यायचं पाणी टँकरचं. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून घागरी दारातच मांडलेल्या असायच्या.

लातूर तेव्हा जिल्हा नव्हतं, तालुक्याचं गाव होतं. औसा रोडला आमचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे, मधे दगडानं बांधलेला एक खड्डा आणि मागे राहायची एक खोली. खड्ड्यावर गाडी उभी करायची आणि माणसानं खाली उतरून काम करायचं. अप्पा जुन्या गाड्यांचे क्लच बसवायचे. त्यात त्यांचा हात बसलेला होता.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. क्लचची प्लेट ही जेवणाच्या ताटाएवढी हलकी वस्तू. पण ती बसलेली असते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे. तिच्यापर्यंत पोचायचं तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि तो असतो सगळा लोखंडाचा. प्लेटच्या मागे फ्लायव्हील, जाड चक्का. प्लेट जळाली की बहुतेकदा चक्क्यालाही इजा होते. तो बदलायला आणखी थोडे बोल्ट काढावे लागतात, इतकंच. म्हणजे खरी मजुरी उतरवायची आणि चढवायची. एकानं खड्ड्यात उभं राहून वजन अंगावर घ्यायचं, दुसऱ्यानं वरून दोर धरायचा. काम दोन माणसांचं.

दुष्काळात सगळ्यांनीच भाव पाडले होते. न्हावी, शिंपी, लोहार, जो तो अर्ध्यावर आलेला. अप्पांचा जोडीदार सरकारी कामावर खडी फोडायला गेला होता. तिथं आठवड्याला हातात पैसे पडायचे. अशात औशाच्या बाजारातला एक आडत्या मोटार घेऊन आला. मजुरी ऐकून म्हणाला, "एवढ्याशा प्लेटीला दोन माणसांचे पैसे? दुष्काळ काय तुमच्याच घरी आलाय का?"

अप्पा खाली बघत म्हणाले, "बरं. एकट्यानं करतो."

दुपारी टँकर आला. अव्वा, माझी आई, दोन घागरी घेऊन पळाली, मी माझी कळशी घेऊन तिच्या मागं. रांगेत भांडणं झाली, कुणाची तरी घागर फुटली, पण आम्हाला पाणी मिळालं. भरलेल्या घागरी घेऊन आम्ही हसत परत आलो. मी आठ वर्षांची होते. तो आनंद मला अजून लख्ख आठवतो आणि म्हणूनच टाळावासा वाटतो.

गिअरबॉक्स सटकला होता. त्यानं अप्पांना खड्ड्याच्या भिंतीशी दाबून धरलं होतं. त्यांनी हाक मारली असेल. ऐकायला कुणी नव्हतं.

आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. समाधीचा खड्डा खणायला माणसं सकाळपासून लागली. जमीन कुदळ घेत नव्हती. अव्वा रडली नाही. एवढंच म्हणाली, "एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात बसवायलेत."

नांदेडहून माझा मामा आला. अव्वाचा धाकटा भाऊ. तिथं स्टेशनजवळच्या एका गॅरेजात तो काम शिकलेला होता. तो म्हणाला, "अक्का, हा खड्डा बुजवू. दुसरा खणतो."

"खड्ड्यानं काय केलं?" अव्वा म्हणाली. "एका माणसाच्या मजुरीनं केलं ते."

त्या दिवसापासून आमच्या गॅरेजचा भाव अव्वानं ठरवला. क्लच असो की फ्लायव्हील, मजुरी दोन माणसांची. पण उतरवणी एकच. बाजूचे गॅरेजवाले आधी नुसती प्लेट बसवून द्यायचे, महिन्यानं चक्का गेलाय म्हणून पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचे आणि मजुरी पुन्हा घ्यायचे. अव्वा तसं करू द्यायची नाही. खोललंय तर आताच चक्का बघा, खराब असला तर आताच बदला, आणि त्याची वेगळी मजुरी नाही. हा भाव रास्त होता. मी आज शिकलेली बाई म्हणून सांगते, याहून रास्त भाव मी पाहिलेला नाही. पण गिऱ्हाइकाला आधी मोठा आकडा दिसायचा. पुढं वाचणारा पैसा त्याला दिसायचा नाही.

आणि अव्वानं एक सवय लावून घेतली. खड्ड्यात माणूस उतरला की ती काठावर पाट टाकून बसायची. ज्वारी निवडायची, शेंगा फोडायची, आणि मधेच हाक द्यायची, "हाय का?" खालून मामा म्हणायचा, "हाय." मग पुढच्या शेंगा. गिऱ्हाइकं हसायची. मामा चिडायचा, "अक्का, मी कुठं पळून जायलोय का?" तरी उत्तर द्यायचा. न देता भागायचंच नाही. उत्तर आलं नाही की ती उठून उभी राहायची.

गावात बोलणं सुरू झालं. त्या खड्ड्यात चांगलं न्हाई. दुपारचं आत कुणीतरी पाना ठोकतंय. गिऱ्हाइकं तुटायला ही एक गोष्ट पुरेशी होती, वर आमचा भाव. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा घरात फीसाठी पैसे निघेनात. पहिल्या वर्षाची फी अव्वानं बोरमाळ मोडून भरली. दुसऱ्या वर्षाची कशातून भरायची हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. रातोरात नव्हे, पण तसंच वाटलं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, इमारती बांधायला ठेकेदार आले. त्यातला एक ठेकेदार आमच्याकडं मोटार घेऊन आला. क्लच घसरत होता, चक्काही गेला असावा. त्याच्या आणखी चार गाड्या होत्या. मामाला म्हणाला, "सगळ्या तुझ्याकडंच देतो. पण मजुरी एका माणसाची."

अव्वा गंजगोलाईत बाजाराला गेली होती. मामानं माझ्याकडं पाहिलं. फीची शेवटची तारीख त्याला पाठ होती. "हाव, करतो," तो म्हणाला आणि खड्ड्यात उतरला. गिअरबॉक्सचे बोल्ट ढिले केले, खाली टेकू लावला.

अव्वा परत आली. ठेकेदार खुर्चीवर पेपर वाचत होता, त्याचा ड्रायव्हर खड्ड्याच्या काठाशी बिडी ओढत होता. मी खोलीच्या उंबऱ्यात. दुसरा माणूस दिसत नाही हे तिनं पाहिलं असेल. पिशवी ठेवली, पाटावर बसली आणि सवयीनं हाक दिली.

"हाय का?"

"हाय."

मग मागच्या दारातून मामा आला. हात ओले. ग्रीस धुवायला तो केव्हाचा बाहेर गेला होता.

मी बी.एस्सी. आहे. भुतं मानत नाही. आवाज कुठून आला असेल याची मी बरीच कारणं शोधून पाहिली: रस्त्यावरचं कुणी, शेजारचं गॅरेज, दगडी भिंतीचा घुमारा. एकही कारण माझं मलाच पटलेलं नाही. आता मी नांदेडला शाळेत शिकवते. हजेरी घेताना एखादं मूल उत्तर द्यायला उशीर करतं, तेवढ्यात मी खुर्चीवरून उठून उभी राहते.

ड्रायव्हरची बिडी खाली पडली. त्यानंही ऐकलं होतं. अव्वा मामाकडं बघत राहिली, मग ठेकेदाराकडं वळली. "दोन माणसं लागतील. मजुरी दोघांची."

"मावशी, ठरलंय आमचं."

"ज्यानं ठरवलं तो एकटा खाली जाणार न्हाई. माझा भाऊ हाय तो."

ठेकेदार उठला. "मग जोडून द्या. दुसरीकडं नेतो."

"जोडायला बी दोनच लागतेत."

त्याला राग आला. ड्रायव्हरला म्हणाला, "अरे, उतर तू. चार बोल्ट तर आवळायचेत."

ड्रायव्हर हलला नाही. "मालक, मी न्हाई उतरत. आत कुणीतरी हाय."

ठेकेदार मोठ्यानं हसला. "मग बरंच हाय की! तू एक, तो एक. झाली दोन माणसं!"

अव्वा पाटावरून उठली. आवाज चढवला नाही. "त्याला मोजू नका. त्याची मजुरी अजून कुणी दिली न्हाई."

ठेकेदार मूळचा लातूरचाच होता. आमच्या घरची गोष्ट त्याला माहीत असणार. तो खुर्चीत बसला, पेपर उघडला आणि पेपराआडून म्हणाला, "आणा दुसरा माणूस."

मामानं शेजारच्या गॅरेजातला माणूस आणला. गिअरबॉक्स खाली आला. चक्का जळून निळा पडला होता. आता पुन्हा पैसे मागतील म्हणून ठेकेदार तयारीतच होता.

अव्वा म्हणाली, "चक्क्याची किंमत द्या. मजुरी झाली. दोनदा उतरवला का, दोनदा घ्यायला?"

त्याच्या बाकीच्या गाड्याही आमच्याकडंच आल्या. आणि त्या ड्रायव्हरनं स्टँडवर गोष्ट अशी पसरवली की औसा रोडवरच्या गॅरेजांच्या रांगेतला एकही मिस्त्री गिअरबॉक्सखाली एकटा जाईना. मालकांना दुसरा माणूस द्यावाच लागला आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यावे लागले. अव्वानं दहा वर्षं हेच समजावून सांगितलं होतं. तेव्हा कुणी ऐकलं नाही. भीतीनं ऐकलं. माझी त्याला हरकत नाही.

आमच्या रांगेतल्या सगळ्या गॅरेजांत क्लच आणि फ्लायव्हीलच्या कामाची मजुरी दोन माणसांची ठरली, आणि त्या खड्ड्यांत पुन्हा कुणी एकटं मेलं नाही. त्याच मजुरीतून माझी फी भरली गेली आणि मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली.