चंद्राताईंच्या ओट्यावरचा पलंग

आमच्या किनारा महिला क्लबच्या डहाणू-तलासरी शाखेचा इतिहास सांगायचा म्हणजे अध्यक्षांच्या नावांपासून सुरुवात करायची रीत आहे. मी ती मोडते. अध्यक्षा येतात, हार घालून घेतात, फोटो काढतात आणि जातात. मी स्वतः दोनदा होऊन गेले, मला ठाऊक आहे. शाखा खरी उभी राहिली ती एका लोखंडी पलंगावर, आणि तो सांभाळला नरपडच्या चंद्रावतीताईंनी.

पलंग दवाखान्यातला, हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येणारा. ज्याच्या घरी आजारी माणूस असेल त्याला फुकट वापरायला द्यायचा, हा ठराव आम्ही टाळ्या वाजवून पास केला. ठेवायचा कुठे, म्हटल्यावर टाळ्या थांबल्या. कुणाचा जिना अरुंद निघाला, कुणाची सासू आडवी आली. चंद्राताई तेव्हा क्लबात नव्या. मासळी विकणाऱ्या, त्यामुळे सभेतही बाजारातल्याच आवाजात बोलायच्या.

"माझा ओटा मोठा हाय. आणा तिकडं. बोंबलांना सोबत होईल."

मग पलंग कैनाडपासून उधव्यापर्यंत फिरला. पण लोक तो न्यायचे अगदी शेवटी, डॉक्टरांनी हात टेकल्यावर. त्यामुळे टेम्पोतून पलंग परत यायचा आणि पुढच्या सीटवर घरातलं कुणीतरी मान खाली घालून बसलेलं असायचं. चंद्राताई त्याला तांब्याभर पाणी द्यायच्या, काही विचारायच्या नाहीत. पलंग धुऊन उन्हात ठेवायच्या. हळूहळू बभ्रा झाला, या पलंगावर चढलेला माणूस उतरत नाही. मागणी बंद झाली आणि आमच्या सभेत तो भंगारात काढायचा विषय निघाला.

नेमका तेव्हाच चंद्राताईंचा धाकटा दीर प्रल्हाद बोटीवरून उतरताना घसरला. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं, सारखं आडवं ठेवू नका, छातीत कफ साठला तर जिवावर बेतेल, उठवून बसवत जा. घरात सगळे जमिनीवर झोपणारे. प्रल्हादभाऊंची सून संगिता त्या आडदांड माणसाला काखेत हात घालून उठवायची आणि दोघंही कळवळायची.

पलंग त्याच गावात, दुसऱ्या टोकाला! पण प्रल्हादभाऊ ऐकतील तर शपथ. "मारायचंच असेल तर दर्यात टाका. त्या पलंगावर नको."

दोनच दिवसांनी दुपारी मला फोन आला, "बाई, चंद्राताई पलंगावर हाय!"

आमची चिटणीस हेमाली स्कूटर घेऊन आली आणि आम्ही सुसाट नरपड गाठलं. ओट्यापुढे ही गर्दी! बायका डोळे पुसतायत. आणि चंद्राताई? डोक्याकडची बाजू वर करून, उशीला टेकून, सुकटीबरोबर भाकरी हाणतायत!

"चंद्राबेन, आ शूं?" हेमाली गुजरातीत किंचाळली.

"झोपते हाय. रोज झोपनार. बघू कोन नेतो मला!"

इतका संताप आला आणि इतकं हसू, की मी त्यांना मिठीच मारली. शाखेत इतकी वर्षं भाषणं झाली, पण असं धाडस कुणी केलं नव्हतं.

मग रोज सकाळी संगिताच्या फोनवरून प्रल्हादभाऊंचा आवाज यायचा, "वहिनी उतरली का?"

"उतरली! बाजारात चालली!" चंद्राताई स्वतःच ओरडून सांगायच्या.

अख्ख्या गावाला चेव चढला. लोक ओट्यापुढून मुद्दाम जाऊ लागले. एका सकाळी मात्र प्रल्हादभाऊंना बोलताना खोकल्याची उबळ आवरेना. ती थांबल्यावर ते एवढंच म्हणाले, "वहिनी, मलाही चढवा."

त्या दिवशी पलंग प्रल्हादभाऊंकडे गेला. चंद्राताई रोज बाजारातून थेट त्यांच्याकडे जायच्या, हँडल फिरवून त्यांना बसवायच्या, खोकला ऐकायच्या आणि घरी यायच्या. पलंगानं आपलं नाव खरं केलं तर त्यांना स्वतःला माफ करता आलं नसतं.

यंदा शाखेचा वाढदिवस आम्ही त्यांच्याच ओट्यावर केला. केक कापायच्या आत टेम्पो आला. मागे पलंग. चंद्राताईंनी सवयीनं पाण्याचा तांब्या भरला.

"मावशी, पलंग कुठं लावू?" टेम्पोवाल्या तुषारनं विचारलं.

त्यांची नजर पुढच्या सीटवर गेली. तिथे बसलेल्याची मान ताठ होती.

"मेला पलंग राहू दे! आधी मानूस उतरव!"

"मीच उतरतो, वहिनी," प्रल्हादभाऊ म्हणाले. त्यांनी वॉकर खाली टेकवला आणि स्वतःच्या पायांनी उतरले.

आणणाऱ्यासाठी भरलेलं पाणी चंद्राताई स्वतःच घटाघटा प्यायल्या, आणि मग मोठ्यानं रडल्या.