ठिणगीचं गणगोत

मुकादमाने डब्याची पिशवी वाफेच्या मोठ्या इस्त्रीच्या दांड्याला अडकवली आणि झिजलेला खटका निसटला. वरचा तापलेला तवा धाडकन खाली आला. मध्ये कुणा डॉक्टरचा पांढरा कोट होता, त्याची पाठ खरपूस भाजून निघाली. मुकादम मागे उडाला आणि म्हणाला, "ठिणगीनं घात केला."

सगळी लाँड्री घडीच्या टेबलाकडे बघू लागली. तिथं बाई चादरीचे कोपरे जुळवत उभी होती. नाव तिचंही तेच.

"कुठली?" तिनं विचारलं. "मी, की ती?"

लोक खो खो हसले. त्या हसण्याने बाईच्या मस्तकात तिडीक गेली.

मुळात नाव तिचं. ती कामाला लागली त्याच आठवड्यात या इस्त्रीखाली एकीची बोटं भाजली होती. ही तडक मालकांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, खटका बदला. मालक चष्मा पुसत म्हणाले, "बाई आहे का ठिणगी?" खटका तसाच राहिला, नाव मात्र संध्याकाळपर्यंत पक्कं झालं. मग चटके देते म्हणून इस्त्री ठिणगी. दाराजवळचं चरचरणारं बटण ठिणगी. लाथ खाल्ल्याशिवाय सुरू न होणारी मालकांची स्कूटर ठिणगी. जिन्याखालची ओचकारणारी मांजर ठिणगी, आणि मालकांच्या सासूबाईही ठिणगीच, पण ते हळू आवाजात. ना नात्याची ना गोत्याची, पण सगळी एका नावाची. बाई घरी नवऱ्याला सांगायची, "माझं माहेर रोज वाढतंय."

सुरुवातीला तीही हसली. पुढे तिच्या ध्यानात आलं की जे दुरुस्त करायचं नसतं, त्याला इथं नाव देतात. बटण बदलायचं कशाला? ठिणगीच ती, चटका देणारच. आणि तिनं खटक्याचा विषय काढला, की कुणीतरी म्हणायचं, "दोन ठिणग्यांचं काही जमत नाही बुवा." झालं, विषय संपला. इतक्या वर्षांच्या तक्रारीची किंमत एक हशा.

आज तो हशा तिला गिळवेना. उद्यापासून त्या इस्त्रीवर तिची सून उभी राहणार होती. पोरगी चपळ, पण नवखी. घरी इस्त्रीच्या अगदी पुढ्यात हात घालून सुरकुती काढायची तिला सवय.

जळका कोट घेऊन बाई मालकांसमोर उभी राहिली. "या कोटाच्या जागी हात असता तर?"

मालकांनी कोट उलटसुलट पाहिला. "सून येतेय ना तुझी? तिला धाकटी ठिणगी म्हणू. घराणंच झालं की."

बाईनं कोट त्यांच्यापुढे टाकला. बाहेर येऊन वाफेचा मोठा नळ गरागरा फिरवून बंद केला आणि त्याच्यासमोर स्टूल टाकून बसली. फुसफुसणारी यंत्रं एकेक करून गप्प झाली. हॉटेलच्या चादरींचा ओला ढीग तसाच पडून राहिला. मालक दारात आले, घसा खाकरला, तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि आत गेले. मग मुकादमाला पुढे धाडलं.

तो पिशवी छातीशी धरून आला. "असं काय करता बाई? लोक प्रेमानं ठेवतात हो नाव."

"नाव ठेवून झालं असेल, तर खटका बदला."