बाळंतबोळ आणि पणजोबांचा पाय

तुमच्या पणजोबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, अब्बांच्या, तळव्यात खिळा रुतला ते त्यांना कळलंच नाही. दुबईच्या धक्क्यावर त्यांचा इमारती लाकडाचा व्यापार होता. गलबतातून उतरवलेल्या फळ्यांवरून ते अनवाणी फिरत. फरशीवरचे रक्ताचे ठसे सासूबाईंनी पाहिले तेव्हा कुठे उलगडा झाला. मधुमेहाने पायाची जाणीवच गेली होती.

जखम चिघळली, पायाची करंगळी काळी पडू लागली. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं आणि स्पष्ट सांगितलं की काळेपणा वर सरकला तर पाय कापावा लागेल.

"मग गलबतावर चढू कसा?" अब्बा म्हणाले. "पंखा हातात देऊन दुकानात बसवणार मला?"

शेजारच्या इराणी व्यापाऱ्याने आपल्या हकिमांना आणलं. हे वृद्ध गृहस्थ तरुणपणी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदुस्थानी छान बोलत. त्यांनी नाडी पाहिली, मग वाकून जखमेचा वास घेतला. मी शाळेत शास्त्र शिकलेली, मला राहवेना. मीही वास घेतला.

"काय कळलं, बेटी?"

"सडतंय, एवढंच."

"मलाही एवढंच कळलं," ते म्हणाले.

त्यांनी एक तपकिरी डिंक दिला. तो घालून उकळलेल्या, मग गार केलेल्या पाण्याने जखम धुवायची, वर मध, तिळाचं तेल आणि मेणाचं मलम लावायचं, पाय जमिनीला टेकवायचा नाही. इन्सुलिन चालूच ठेवायचं. जाताना म्हणाले, "प्रकृती थंड पडलीय. उष्ण पदार्थ द्या."

सासूबाईंनी डिंक हुंगला. "या अल्ला! हा तर बाळंतबोळ, बाळंतिणीला देतात तो!"

"म्हणजे मी बाळंत झालो?" अब्बा म्हणाले.

"झालात. आता नाव काय ठेवायचं ते सांगा."

डॉक्टरांनी मला लघवीतली साखर तपासायला शिकवलं होतं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. रंग निळाच राहिला तर ठीक. हिरवा, पिवळा होत होत विटेसारखा लाल झाला तर साखर फार. इन्सुलिनने रंग हिरव्यावर आला होता. हकीम आल्यावर तो उतरायचा सोडून पुन्हा विटेसारखा होऊ लागला. जखमेला पाणी सुटलं.

मला वाटलं, मलमातला मध अंगात शिरतो की काय? मलम लावण्याआधी तपासलं, लावल्यावर काही वेळाने तपासलं. रंग तोच.

मग चादर बदलताना अब्बांच्या लोडामागे डबा सापडला. डिंकाचे लाडू. खारीक, गूळ, भरपूर तूप.

"हकिमांनीच उष्ण द्या म्हणून सांगितलं ना?" सासूबाई कडाडल्या. "बाळंतबोळ लावायचा आणि लाडू द्यायचे नाहीत? अशी कुठली बाळंतीण असते?"



मी हकिमांना बोलावून लाल नळी दाखवली आणि डबाही. त्यांनी एक लाडू खाल्ला.

"फार उत्तम. बाळंतिणीला. यांना मी उष्ण म्हणालो ते आलं, मिरी, मेथी. तेवढं सांगायला हवं होतं मी." मग मला पुन्हा नळी तापवायला लावली आणि रंग बदलेपर्यंत मान वळवली नाही. "आमचे उस्ताद लघवीला मुंग्या लागतात का ते बघायचे. हे सुबक आहे."

लाडू बंद झाले. सासूबाई चार दिवस अब्बांशी बोलल्या नाहीत, जणू त्यांनीच ते वळले होते. रंग हळूहळू हिरव्यावर, मग निळ्यावर आला. जखमेच्या कडेला लालसर मांस दिसू लागलं. काळेपणा करंगळीपाशी थांबला, आणि डॉक्टरांनी तेवढी करंगळी काढली. पाय राहिला.

कशाने राहिला, हे मी दोघांनाही विचारलं. डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन. हकीम म्हणाले, अल्लाची मर्जी, आणि पाय जमिनीला लागला नाही म्हणून. मलमाचं नाव कुणीच घेतलं नाही! धुणं, बांधणं मी रोज स्वतः केलेलं, मलम लावल्यावर दुर्गंधी कमी होते हे मी स्वतः अनुभवलेलं. ते मलमामुळे, की उकळलेल्या पाण्यामुळे, की नुसत्या स्वच्छतेमुळे, हे मला आजही ठरवता येत नाही. तुमच्यापैकी कुणी पुढे यावर नीट अभ्यास करणार असेल, तर कृती मला तोंडपाठ आहे.