शालीची शिकवणी

माझ्या धाकट्या बहिणीला बोलायला शिकवण्याचं काम मी अकराव्या वर्षी अंगावर घेतलं, कारण त्या वर्षी मला सगळंच येत होतं. शाली सहा वर्षांची, पण तोंडातून शब्द नाही. आईची एकच आस. "एकदा तरी माका 'आये' म्हणांदे," ती म्हणायची.

आई भातलावणीला गेली की आमची शिकवणी सुरू. मालवणच्या बाजारातला गुळाचा खाजा (बराचसा मास्तरच खात!) मी माझ्या नाकासमोर धरायचो.

"म्हण, आये."

आधी नुसत्या 'आ'ला तुकडा, मग 'आय'ला. आता माझी नात अशाच मुलांना शिकवते. तिच्या भाषेत माझं 'म्हण' म्हणजे प्रॉम्प्ट, आणि शब्द निघताक्षणी दिलेला खाजा म्हणजे रिइन्फोर्समेंट. मला वाटायचं, मी लाच देतोय.

आठव्या दिवशी शाली स्वच्छ म्हणाली, "आये." मी शेतात धावलो आणि आईला गुडघाभर चिखलासकट घरी आणलं. मागोमाग अर्धी वाडी! शालीने आईकडे पाहिलं. गप्प. मी घाबरून खिशातून खाजा काढला मात्र, ती माझ्याकडे झेपावली. "आये!"

शेजारच्या भागीकाकीने कपाळाला हात लावला. "मेल्या, पोरीन तुकाच आवस केल्यान मरे!" (आवस म्हणजे आई.)

वाडी पोट धरून हसली. आईही हसली, तोंडाला पदर लावून. पण तो पदर बराच वेळ खाली आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आईच खाजा घेऊन बसू लागली. शाली तो घ्यायची, माझ्याकडे आणायची, माझ्या हातात ठेवायची आणि मग म्हणायची, "आये." (नात म्हणते, शब्द खाजा देणाऱ्याला चिकटला, आईच्याच हातून द्यायला हवा होता. साठ वर्षं उशिरा सांगते!)

"जाऊंदे," आई म्हणाली. "कोणाक तरी म्हणता मां."

तेव्हा मला फार शरम वाटली. आजही वाटते.

सहा वर्षांनी आई गेली. भरल्या घरात शाली "आये, आये" करू लागली. बायका हुंदके देत म्हणाल्या, "बगा, शेवटाक आवशीक हाक मारल्यान."

पण शाली माझ्याकडे बघत होती. सुतकाच्या घरात चूल पेटली नव्हती आणि तिला भूक लागली होती. एवढं समजणारी एकच आई आता घरात उरली होती, आणि तिला नुकती मिशी फुटत होती.