चार दिवस जाऊन ये

हर्षा गोव्यात मोपाच्या पठारावरच्या एका हॉटेलात खोल्या आवरते. विमानानं आलेले लोक दोन-तीन रात्री राहतात, बॅगा अर्धवट उघड्या टाकून समुद्रावर जातात आणि एक दिवस चादरी चुरगाळून निघून जातात. तिच्याबरोबरच्या मुली या लोकांना नावं ठेवतात. हर्षा ठेवत नाही. बॅग पुरती न उघडणारी माणसं तिला आपली वाटतात. तिची स्वतःची बॅग कामगारांच्या खोलीत पलंगाखाली असते. अंगावरचे सोडले तर सगळे कपडे तिच्यात घड्या घालून, वर चेन लावून. खोलीत तिच्या वाट्याचं एक कपाट आहे. त्यात तिनं आजवर साधा हँगरसुद्धा अडकवलेला नाही.

या बॅगेची सुरुवात पाळी नावाच्या खाणींच्या गावात झाली. हर्षाचा बाप रामचंद्र मूळचा दोडामार्गाकडचा. खाणी जोरात होत्या तेव्हा तो पाळीला टिपरवर ड्रायव्हर म्हणून आला. आई शालिनी कावीळ होऊन गेली तेव्हा हर्षा जेमतेम पाच वर्षांची होती. बापानं तिला सांभाळलं, आणि सांभाळलं म्हणजे मनापासून सांभाळलं. शाळा सुटली की तो तिला टिपरच्या केबिनमध्ये बसवून घ्यायचा. संध्याकाळी दोघांचे केस लाल धुळीनं माखलेले असायचे आणि तो तिला मोरीत उभी करून डोक्यावर तांब्या ओतायचा. तिच्या आयुष्यातली बिनघोर वर्षं म्हणायची तर तीच.

मग खाणी बंद पडल्या. टिपर मालकाच्या अंगणात गंजत उभे राहिले. काही महिने रामचंद्र घरात बसून दारू प्यायला, मग त्याला बेळगावाकडे काम मिळालं. त्यानं हर्षाचे कपडे एका निळ्या बॅगेत भरले आणि तिला गावी, आपल्या थोरल्या भावाकडे नेऊन सोडलं. "चार दिवस काकाकडे रव," तो म्हणाला, "मी येतंय."

तो आला नाही. त्यानं तिकडेच दुसरं लग्न केलं, ही बातमी काकीनं तिला भाकरी थापता थापता सांगितली.

काका शिवदास वाईट माणूस नव्हता. पण घरात त्याची स्वतःची तीन होती. मे महिना आला की तो म्हणायचा, "चार दिवस आत्येकडे जावन ये." आत्या साखळीला. तिच्याकडे पाहुणे यायचे असले की ती म्हणायची, चार दिवस काकाकडे जाऊन ये. मधेच काकीच्या माहेरी कुणी बाळंतीण असली की तिथं, हाताखाली एक पोर बरी म्हणून. कुणी तिला मारलं नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. ही सगळी माणसं तसं देवासमोर सांगतील आणि ते खरंही असेल. लहान पोरं विसरतात असंही ती सांगतील. मोठ्यांना सोयीचं असतं म्हणून मोठे तसं म्हणतात. पोर काही विसरत नव्हती. घरातलं बोलणं एकदम हळू झालं की आता आपली बॅग निघणार, हे तिला दाराआडून कळायचं. ती सांगायच्या आधी कपडे गोळा करून ठेवायची. "किती शाणी पोर!" म्हणून सगळे तिचं कौतुक करायचे.

डिचोलीजवळच्या मुळगावची सत्यवती मावशी, शालिनीची थोरली बहीण, तिला मूलबाळ नव्हतं. भाचीला आणावं म्हणून ती पहिल्या दिवसापासून झुरत होती, पण सासू अंथरुणाला खिळलेली, आणि सासूचा शब्द असा की परक्याचं पोर या घरात नको. सासू गेली आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मावशीनं नवऱ्याला दोडामार्गाला पाठवलं. नवरा कृष्णनाथ, वाडीतले सगळे त्याला आप्पा म्हणायचे, सरकारी कदंब बसवर कंडक्टर होता. तो हर्षाला घेऊन आला तेव्हा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, नुकतीच होऊन गेली होती. हर्षा तेरा वर्षांची होती.

मावशीला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं. घर आहे, शेत आहे, जीव लावायला दोन माणसं आहेत, आणखी काय हवं? पण पोर घरात अशी वावरायची की भांड्याचासुद्धा आवाज होऊ नये. काही मागायची नाही. आवडतं काय विचारलं तर "कायय चलता" म्हणायची. एकदा तापानं फणफणत असताना शाळेत गेली आणि बाईंनी घरी पाठवली. मावशी उशाशी बसून पेज भरवायला लागली तशी ती हमसून हमसून रडली. मावशीला वाटलं, आईची आठवण आली. तसं नव्हतं. आजारी पोर कुणी ठेवून घेत नाही हे तिला अनुभवानं ठाऊक होतं.

मग एक दिवस उशीला मुंग्या लागल्या. मावशीनं अभ्रा काढला तर आत पोदेरानं, दारावर येणाऱ्या पाववाल्यानं, दिलेले पांव, वाळून खडखडीत झालेले. मावशी रागावली नाही. तिनं बिस्किटांचा एक रिकामा डबा धुऊन पुसून, त्यात ताजे पांव भरून हर्षाच्या पलंगाशी ठेवला. "हो तुजो डबो. हांतूंतले कोणूच खायना," ती म्हणाली. हर्षानं मान डोलावली. त्या दिवसापासून ती पांव दुसरीकडे, पुस्तकांच्या मागं लपवायला लागली, कारण आता पहिली जागा घरच्यांना कळली होती.

तरी मावशी हरली नाही. पुढची चवथ आली तेव्हा काकांच्या घरी सुतक होतं, त्यामुळे हर्षा मुळगावातच राहिली. त्या वर्षी तिनं माटोळीकडे लांबून पाहिलं. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली फळं, सुपारीचे घड, नारळ, चिबूड बांधायचे, आणि या घरात रीत अशी की घरच्या प्रत्येकानं एक तरी जिन्नस आपल्या हातानं बांधायचा. आप्पांनी तिला हाक मारली, पण ती न्हाणीघरात जाऊन बसली. दुसऱ्या वर्षी मात्र बर्फ वितळायला लागावा तसं काहीतरी झालं. तिनं पांव लपवायचं सोडलं. एकदा आमटी खारट झाली असं ती चक्क बोलली. एका दुपारी मावशीनं कपाट उघडलं तर आत हर्षाचे दोन फ्रॉक टांगलेले. मावशीनं कपाट हलकेच लावून घेतलं, कुणाला काही बोलली नाही, आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत राहिली.

चवथ आठवड्यावर आली तेव्हा हर्षा कुळागराच्या, सुपारीच्या बागेच्या, कडेला एका झाडावर चढली आणि त्यावरच्या रानवेलीचं एक लालभडक फळ, कवंडळ, काढून घेऊन आली. कुणी सांगितलं नव्हतं. "हें हांव बांदतलें," ती म्हणाली. या घरात आल्यापासून तिनं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

आणि नेमकं त्याच वेळी मावशीनं माती खाल्ली. इथल्या माणसाला चवथ म्हणजे मूळघर. माणूस मुंबईत असो, दुबईत असो, चवथीला आपल्या मूळघरच्या गणपतीसमोर हजर पाहिजे. जो गेला नाही, त्याचं घराशी काही उरलं नाही असं लोक समजतात. हर्षाचं मूळघर दोडामार्गाला, बापाकडचं. यंदा तिथं सुतक नव्हतं. पोरीला आपण अडकवून ठेवली, तिला तिच्या नावागावापासून तोडली असं उद्या कुणी म्हणू नये, असं मावशीला वाटलं. ते तिनं शिवदासला फोन करून ठरवलंसुद्धा. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरता भरता ती अगदी लाडानं म्हणाली, "चवथीक चार दीस काकागेर वचून ये गो बाय. आपल्या गणपतीक पांयां पडूंक जाय."

"बरें, मावशे," हर्षा म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ती उठली, कपाटातले दोन्ही फ्रॉक काढले, आणि पुस्तकांसकट सगळं निळ्या बॅगेत भरलं. मावशीनं ते पाहिलं आणि हसली. "सगळें कित्याक व्हरता गो? चारूच दीस न्हय?" पोर वयात आलीय, नटायला कपडे हवेत, असा तिनं अर्थ लावला. अशा हसण्याचा माणसाला जन्मभर पस्तावा होतो.

पाचव्या दिवशी आप्पा न्यायला गेले तर हर्षा तिथं नव्हती. गणपती पोचवल्याच्या दुसऱ्या सकाळी ती गावातल्या एका बाईबरोबर बांद्याकडे काजूच्या कारखान्यात गेली होती. शिवदास ओशाळून म्हणाला, "तीच म्हणाली, माका जावक होया." आप्पा बांद्याला गेले. दोनदा गेले. तिनं आतूनच निरोप पाठवला, भेटायचं नाही. परत पाठवण्याआधी आपणच निघालो की निदान दारात उभं राहावं लागत नाही, एवढंच तिला कळत होतं. मावशीनं चवथीला ते कवंडळ माटोळीला बांधलं नव्हतं. हर्षाचं म्हणून फळीवर ठेवलं होतं, ते तिथंच सुकून काळं पडलं.

पाचेक वर्षं गेली. काजूतून हर्षा एका दुकानात गेली, दुकानातून विमानतळ झाल्यावर मोपाला. मध्ये एका बऱ्या मुलानं लग्नाचं विचारलं होतं. आमच्या घरी येऊन माझ्या आईला भेट, असं त्यानं म्हटल्यावर तिनं त्याचा नंबर बंद करून टाकला. गेल्या वर्षी मावशीला ठावठिकाणा लागला आणि आप्पांसोबत ती हॉटेलच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. केस पांढरे झाले होते. पिशवीत तोच बिस्किटांचा डबा होता.

"हांवें तुका धाडूंक ना गो," मावशी म्हणाली. "चवथ म्हूण गो. पांचव्या दिसा आप्पा येतलोच आशिल्लो." ती रस्त्यावरच रडायला लागली.

हर्षाला सगळं समजलं. ती काही खुळी नव्हती. एवढी वर्षं आपण एका लाडाच्या वाक्यावर रागावून बसलो, हे तिला त्या फाटकाशी लख्ख कळलं. तिनं मावशीचा हात धरला आणि म्हणाली, "येत्या चवथीक येतां. सुटी घेतां."

यंदा तिनं खरंच सुट्टी काढली. चार दिवसांची मिळाली. आप्पांनी फोनवर बस समजावून सांगितली, म्हापशाहून डिचोलीची धर, मुळगावात थांब्यावर आम्ही दोघं उभी असू. मावशीनं मागून ओरडून सांगितलं की कवंडळ काढून ठेवलंय, माटोळीची एक जागा मोकळी आहे.

अस्नोडा गेलं तशी हर्षा सावरून बसली. मांडीवर निळी बॅग होती. ती बॅगेकडे पाहत राहिली. आत चार दिवसांचे कपडे होते, म्हणजे पाचव्या दिवशी पुन्हा त्याच दारातून निघायचं होतं. या वेळी सुट्टी तिनंच मोजून आणली होती, धाडणारं कुणी नव्हतं, हे तिनं स्वतःला दोनदा सांगितलं. मुळगावचा थांबा आला. पावसाच्या भुरभुरीत एका छत्रीखाली दोघं उभी होती. मावशी प्रत्येक खिडकीत डोकावत होती. बस थांबली, दोन बायका उतरल्या. मावशीची आणि तिची नजरानजर झाली, मावशीनं हसून हात वर केला. हर्षाला उठायचं होतं. कंडक्टरनं शिट्टी मारली आणि ती जागेवरच बसून राहिली. मावशी बसच्या मागं चार पावलं धावली.

डिचोलीला पोचता पोचता फोन वाजला.

"न्हीद लागली आसतली गो तुका," मावशी धापा टाकत म्हणाली. कारणही तिनंच शोधून दिलं होतं. "कायच जावंक ना. फुडल्या बशीन परत ये. आमी हांगाच आसां."

"हय मावशे, येतां," हर्षा म्हणाली.

म्हापशाची बस समोरच लागली होती. ती मुळगावावरूनच जाणार होती. हर्षानं तिच्याकडे पाहिलं, बॅग खांद्याला लावली आणि पलीकडे उभ्या असलेल्या दोडामार्गाच्या बसमध्ये जाऊन बसली. तिकडून बांद्यामार्गे मोपाला जाता येतं. वाट लांबची आहे, पण तिच्यावर मुळगाव लागत नाही.