एकट्याचा अल्बम

"हात लावशील तं हात तोडीन."

कीबोर्डजवळ येणाऱ्या प्रत्येकाला तो हे सांगायचा, नवरदेवाच्या मामालासुद्धा. तुमच्याकडच्या वरातीतही असा एखादा मास्तर तुम्ही पाहिला असेल. गाडीवर ढोल-ताशांच्या गराड्यात उभा, सगळं गाव नाचतंय आणि याच्या चेहऱ्यावर सुतकी कळा. आमचा मास्तर लाखनीचा, धुमाल पार्टीत, म्हणजे वरातीपुढे गाडीवर वाजवणाऱ्या ताफ्यात, कीबोर्ड वाजवायचा. माझं मोबाइलचं दुकान त्याच्या घराला लागून, त्यामुळे त्याचा राग मला भिंतीपलीकडूनही ऐकू यायचा.

राग खराच होता. एकदा पिऊन तर्र झालेल्या एका पाहुण्याने नागीण वाजव म्हणत कीबोर्डवर थाप मारली. मास्तरने तोच हात धरून त्याला गाडीवरून खाली फेकला. पाहुण्याचे दोन दात पडले. मग मास्तरच त्याला दवाखान्यात घेऊन गेला आणि वाटभर समजावत राहिला, "मशीन नाजूक रायते बाप्पा. समजून घ्या लागते."

त्या मशीनमध्ये त्याचा अल्बम होता. गायक नाही, ढोल नाही, सगळं एकट्याने कीबोर्डवर केलेलं. लहानपणी नाकाडोंगरीला, खाणीत कामाला असलेल्या मामाच्या टेपवर त्याने कुठलीशी विलायती कॅसेट ऐकली होती. काचेच्या गोट्या घरंगळाव्यात तसे ते जुने मशिनी आवाज त्याच्या डोक्यात जाऊन बसले होते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत अख्खं गाव शेताच्या बांधीत चिखलात, आणि हा खिडक्या लावून टुंई-टुंई करत बसलेला. लोक हसायचे. मीही हसायचो, पण भिंतीला कान लावून ऐकायचोही.

"दुकानात आण, कार्डात उतरवून देतो," मी म्हणायचो. "उद्या मशीन बिघडलं तर?"

"बिघडू दे. पर कॉपी निंगाली का दुसऱ्या दिवशी दुसरी पार्टी माह्यी धून वाजवून राहिली समज."

ते काही खोटं नव्हतं. धुमालवाले एकमेकांच्या धुना मोबाइलवर पकडून नेतात. म्हणून त्याची सगळी गाणी त्या एकाच मशीनच्या पोटात राहिली.

एका लग्नसराईत चौकात दोन वराती समोरासमोर आल्या. एकीत मास्तरची पार्टी होती, आणि मीही तिच्यासोबत चालत होतो. अशा वेळी मागे कोणी हटत नाही, कारण कोणाचा धुमाल भारी यावर दोन्ही गावांची इज्जत ठरते. आधी आवाज वाढले, मग शिव्या, मग ढोलाच्या काठ्या, आणि शेवटी लोखंडी सळया निघाल्या. आमच्या ताशेवाल्याचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं. समोरच्या पार्टीतले तिघे जण मास्तरच्या गाडीवर चढले. "याचं मशीनच फोडा," त्यांच्यातला एक म्हणाला.

एरवी पहिला ठोसा मास्तरचा असायचा. त्या दिवशी त्याने हात उचललाच नाही. तो कीबोर्डवर पालथा पडला आणि तसाच राहिला. सळया पाठीवर पडल्या, डोक्यावर पडल्या, कडेला धरलेल्या उजव्या हातावर तर मोजून मापून पडल्या. मी दगड उचलून एकाच्या गुडघ्यावर घातला. त्याचा मला आजही पस्तावा नाही.

मशीन वाचलं. प्लास्टर घातलेला मास्तर दुकानात आला, मागे कीबोर्ड घेऊन त्याची बायको, आमची वहिनी.

"उतरव," तो म्हणाला.

"आणि धून चोरली तर?"

"चोरू दे. कोणी तं वाजवन."

कीबोर्डची रेकॉर्डिंगची वायर मारामारीत तुटली होती, म्हणून मी मोबाइलच स्पीकरपुढे धरून एकेक गाणं उतरवलं. शेवटचं गाणं अजून अर्धवट होतं, ते त्याला तिथेच वाजवावं लागलं. त्याने डाव्या हाताने धून वाजवली आणि उजव्या हाताच्या प्लास्टरचा कोपरा पट्ट्यांवर आपटत खालचा सूर धरला. रेकॉर्डिंगमध्ये ती टक-टक आली, आणि मध्ये एका जागी त्याचं कण्हणंही आलं.

"पुन्हा घेऊ," मी म्हणालो.

"राहू दे. डोकं लय दुखून राहिलं."

सगळ्यांचं लक्ष हाताकडे होतं, डोक्याचा मार कोणी मनावर घेतलाच नव्हता. त्याच आठवड्यात तो आंघोळीला बसला आणि तिथेच कोसळला. नागपूरला नेताना वाटेतच गेला. मारणारे लोक अजून गावागावांत वाजवत फिरतात, आणि ते पाहिलं की माझं रक्त उसळतं.

आता बहुतेक वरातींत डीजे आले. पोरं दुकानात येऊन टक-टकवालं गाणं मागतात, मी फुकट देतो. परवा दुकानासमोरून वरात गेली तेव्हा तेच लागलं होतं. पोरं बेभान नाचत होती. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. कण्हण्याची जागा जवळ आली तशी ती आत गेली, आणि ती जागा सरल्यावर पुन्हा दारात येऊन उभी राहिली.